रत्नागिरी–रत्नागिरी, मार्गे पावस

रत्नागिरीत सपाट रस्ता हवा असेल तर ओहोटीची वाट बघावी लागते. ओहोटी लागली की भाट्याची पुळण चांगली दीड किलोमीटर ओली, कडक आणि एकसारखी पसरते. तेवढा वेळ चढउताराशिवाय पळता येतं. भरती आली की संपलं. बाकी सगळं शहर एका उतरंडीवर वसलेलं आहे. मारुती मंदिराकडून निघायचं, माळनाका, जयस्तंभ करत बाजारपेठेत उतरायचं, राम आळीतून पुढे मांडवीपर्यंत जायचं. आणि परत यायचं तर हे सगळं चढायचं. भगवतीच्या किल्ल्यावर जायला चढ, थिबा राजवाड्याकडे जायला चढ. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलात तर झरी विनायकाच्या पुढे चढ. आमच्या लहानपणी सायकल ही निम्मा वेळ बसायची आणि निम्मा वेळ ढकलायची वस्तू होती.

अशा गावात मॅरेथॉन पळायची, हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोमीटरची?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे चार माणसांनी मिळून केलेल्या कुठल्याही लांबट गोष्टीला मॅरेथॉन म्हणतात. तीन किलोमीटरची मॅरेथॉन असते, चर्चांची मॅरेथॉन असते, मुलाखतींची असते. खरं अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला. त्याआधी ज्या गावात शर्यत, तिथलं अंतर. १९२० साली अँटवर्पला ते पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतं. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, आपल्या शेजारच्या गावचा माणूस, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. मी स्वतः कधी पाच तासांच्या फारशी आत आलेले नाही, त्यामुळे चौगुल्यांचं नाव घेताना कानाला हात लावते.

रत्नागिरीला ही हवा उशिरा लागली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. आमच्याकडे २०२४ च्या जानेवारीत कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली आणि रत्नागिरीकर भल्या पहाटे २१ किलोमीटर पळू लागले. ज्या गावात सकाळी फिरायला जाणाऱ्यालाही "काय, डॉक्टरांनी सांगितलंय का?" असं विचारतात, त्या गावात हे घडलं याचं मला पुण्यात बसून फार कौतुक वाटलं होतं. मला मात्र पूर्ण बेचाळीस हवे होते, आणि ते माझ्या रस्त्यावर हवे होते. अशी शर्यत कुणी भरवत नाही. आपली आपणच भरवावी लागते.

*

१९८४ साली मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानं हुकलं. पुढची कित्येक वर्षं आमच्या आळीत एखादी मुलगी जरा वेगानं गेली की ओट्यावरून आवाज यायचा, "काय गो, पी. टी. उषा झालीस काय?" यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ओट्यावर कोण बसलंय यावर अवलंबून असे. त्याच ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, हे मात्र मला चाळिशीत कळलं. तोवर बायकांना एवढं अंतर झेपणार नाही असं म्हणणारे लोक शर्यती भरवत होते.

माझी आई तसं म्हणणारी नव्हती. तिचा आक्षेप वेगळा होता. "रस्त्यातून पळू नये. पळणारी बाई बघितली की लोकांना वाटतं, हिच्या घरी काहीतरी झालंय." म्हणजे बाईचं पळणं ही बातमी असते, आणि ती चांगली नसते. आई स्वतः मात्र फार भराभर चालायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका होती. पावस रस्त्यावरच्या गावांतून तिची नोकरी झाली. आधी फणसोप, मग कोळंबे, मग बरीच वर्षं गोळप. सकाळची एसटी पकडायला ती घरातून निघायची तेव्हा चप्पल आणि रस्ता यांची गाठ पडतेय की नाही अशी शंका यायची. पण पळायची नाही. एसटी समोरून निघून जात असली तरी नाही. हात वर करायची आणि गाडी थांबायची. कंडक्टरची मुलं तिच्याच शाळेत होती.

मी पळायला लागले ती पुण्यात, अडतिसाव्या वर्षी. तिथं कुणी काही विचारत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा आनंद होता. सकाळी साडेपाचला आपण कुणाची मुलगी नसतो, कुणाची सून नसतो, नावाशिवायचं एक शरीर असतो. नंतर मुंबई मॅरेथॉन तीनदा पळले. तिथं तर छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून अनोळखी लोक ओरडतात, संत्र्याच्या फोडी देतात, पेडर रोडच्या चढावर ढोल वाजवतात आणि पुढच्या क्षणी विसरून जातात. या विसरण्यातही मोठं सुख आहे. पळणाऱ्या पुष्कळ बायका हेच सांगतील.

रत्नागिरीत ते मिळणार नाही, हे मला माहीत होतं. तिथं मी अजून "कुणाची गो तू?" या प्रश्नाचं उत्तर आहे.

*

यंदाही मुंबईचीच तयारी केली होती. अठरा आठवडे, आठवड्याला चार दिवस, रविवारी लांबचा पल्ला. पण ऑक्टोबरमध्ये आई न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही एवढं नशीब. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, घरात एकटी. शेजारच्यांनी आवाज ऐकला म्हणून लगेच दवाखान्यात नेता आलं.

मी आणि दादा, आम्ही दोघंही पुण्यात. दादाच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एक खोली आईसाठी आधीपासूनच ठेवलेली आहे. लिफ्ट आहे, जनरेटर आहे, खाली बाग आहे, बागेत तिच्या वयाच्या दहा-बारा बायका रोज संध्याकाळी बसतात. दादाचं म्हणणं साधं आहे, आणि त्यात खोट काढायला जागा नाही. पुढच्या वेळी मनगट नसेल, खुबा असेल. रात्री दोन वाजता ती पडली तर कुणाला कळणार?

आई यावर "बघू" म्हणत होती. कोकणातलं "बघू" हे नकाराचं सभ्य रूप आहे, हे पुण्यात वाढलेल्या वहिनीलाही आता माहीत झालंय. शेवटी जानेवारीत आम्ही सगळ्यांनी मिळून जायचं, समोरासमोर बसायचं आणि ठरवूनच उठायचं, असं ठरलं. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या त्या नेमक्या मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी.

अठरा आठवड्यांची तयारी शिळी होते. ती कुठे ठेवून देता येत नाही. म्हणून मी नकाशा उघडला. रत्नागिरी ते पावस साधारण अठरा किलोमीटर. जाऊन-येऊन छत्तीस. उरलेले सहा शहरात घालायचे: घरापासून मारुती मंदिरापर्यंत चढायचं, परत उतरायचं, मांडवीला समुद्राचं तोंड बघायचं आणि राजिवड्यावरून भाट्याच्या पुलाला लागायचं. एसटीच्या पाटीवर लिहायचं झालं तर रत्नागिरी–रत्नागिरी, मार्गे पावस.

आदल्या रात्री आईला सांगितलं. तिनं आधी तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "कोण पाठीस लागलंय तुझ्या?" मग म्हणाली, "पाण्याचं काय?" मी म्हटलं, एक बाटली जवळ आहे, पुढे दुकानं आहेतच. "रविवारी सकाळी सातला सड्यावर कुठलं दुकान उघडं असतं?" मी म्हटलं, बघू. तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "कोळंब्याला किती वाजता पोचशील?" मी म्हटलं, सात-सव्वासात. "आणि गोळपला?" मला वाटलं काळजीनं विचारतेय. म्हणून सगळ्या वेळा नीट सांगितल्या आणि नऊ वाजता झोपले.

*

पाच वाजता निघाले. कोकणात थंडी म्हणतात ती जानेवारीतल्या पहाटेची, आणि तीही घामाच्या पहिल्या थेंबापर्यंतच टिकते. हवेत दमटपणा असतो, त्यामुळे घाम सुकत नाही, अंगावरच राहतो. पुण्यात जो वेग सहज निघतो तो इथे मागून मिळत नाही. मारुती मंदिराच्या चढावर तीन कुत्री सोबत आली. माळनाक्याला एक रिक्षावाला हळू झाला. "स्टँडवर जायचं काय? बसा." मी हातानंच नाही म्हटलं. तो थोडं अंतर बाजूनं चालवत राहिला आणि मग खऱ्या काळजीनं म्हणाला, "गाडी चुकली असेल तर पुढे गाठून देतो." आईचं बरोबर होतं. पळणाऱ्या बाईच्या मागे काहीतरी कारण असावं लागतं.

परत उतरताना डाव्या अंगाला, अंधारात, थिबा राजवाडा असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. राजवाडा बांधून मिळाला तोच मुळी शेवटच्या काही वर्षांसाठी. तीस वर्षं त्यानं ज्या समुद्राकडे बघितलं, त्यावरून परत जाण्याची त्याला परवानगी नव्हती. पुढे १९२४ मध्ये सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, राजकारण करायचं नाही, हे १९३७ पर्यंत चाललं. त्याच काळात, १९३१ साली, इथं पतितपावन मंदिर झालं. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री; माणसाला अडकवून ठेवायला रत्नागिरी बरी, असं इंग्रजांना वाटलं असणार. गंमत अशी की ज्यांना कुणी अडवलं नव्हतं ते इथले लोक याच सगळ्या काळात बोटीत बसून मुंबईला निघून जात होते. गिरण्यांत, गोदीत, पुढे कचेऱ्यांत. गावाला यायचं ते गणपतीला आणि शिमग्याला. नंतर आम्ही पुण्याला गेलो. आम्हांलाही यायला कारण लागतं.

"स्थानबद्ध" हा शब्द मात्र त्या उतारावर डोक्यात बसला. एखाद्याला एका जागी अडकवायचं तर त्याला तिथे कोंडावंच लागतं असं नाही. त्याला तिथे ओळखणारं कुणी नसलं तरी पुरतं. थिब्याला फिरायला मोकळीक असती तरी तो रत्नागिरीत कुणाच्या ओट्यावर जाऊन बसणार होता?

राजिवड्याला पोचले तेव्हा पहाटेची अजान चालू होती. खाडीत छोट्या होड्यांवरचे दिवे हलत होते. पुलावर वारा समोरून आला. पूल संपला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्याच्यामागे समुद्राचा नुसता आवाज. इथला रस्ता सपाट आहे. पुढचा चढ माहीत असल्यामुळे या सपाटीचा पुरेपूर उपभोग घेतला. झरी विनायकाला बाहेरूनच नमस्कार केला आणि चढाला लागले.

हा चढ मी शंभरदा तरी एसटीतून चढलेली आहे. एसटीतून तो फक्त आवाज असतो. पहिला गिअर पडतो आणि खिडक्या थरथरतात. पायांनी तो वळणावळणानं कळतो. निम्मा पळत, निम्मा चालत वर आले तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. सडा समोर पसरला होता. काळा कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत, चिऱ्यांचे गडगे, गडग्यांच्या आत कलमांच्या बागा. मोहोर आलेला होता. मोहोराच्या वासात फवारणीचा वास मिसळलेला होता. जानेवारीत या पट्ट्यात हे दोन वास वेगळे काढता येत नाहीत.

फणसोपच्या हद्दीत एक माणूस मोटरसायकलचा दिवा चालू ठेवून रस्त्याच्या कडेला उभा होता. मी जरा बाहेरून जायला लागले, तसा तो दोन पावलं पुढे आला.

"बाईंची मुलगी ना तुम्ही? बाईंचा फोन आलेला."

त्याच्या हातात स्टीलचा तांब्या होता. आमसुलाचं पाणी, साखर आणि मीठ घातलेलं. मॅरेथॉनच्या दुकानांत जी पाकिटं मिळतात त्यांत याहून वेगळं काही नसतं. तो १९८०च्या दशकात केव्हातरी आईच्या हाताखाली चौथीत होता. आता कलमांच्या बागा करार घेऊन सांभाळतो. "बाईंनी सांगितलं, साडेसहाला उभा राहा. मी सव्वासहापासून उभा आहे. बाईंची वेळ म्हणजे वेळ." मी पाणी प्यायले. त्यानं विचारलं, "हात बरा आहे ना आता त्यांचा?" ऑक्टोबरमधलं मनगट त्याला माहीत होतं.

*

कोळंब्याला सूर्य वर आला, आणि एका फाटकापाशी दोन बायका उभ्या होत्या, सासू आणि सून. सासूच्या हातात शहाळं, सुनेच्या हातात वाटीत गूळ. मी क्षणभर गडग्यावर टेकायला बघितलं तर सासूनं दंड धरला. "बसू नका ताई. बाईंनी सांगितलंय, तिला बसू देऊ नका, बसली की उठायची नाही." माझ्या पुण्याच्या प्रशिक्षकानं हेच सांगायला तीन महिने घेतले होते.

गोळपला चौघं होते. एक निवृत्त एसटी कंडक्टर, त्यांचा मुलगा, एक किराणावाला आणि शाळेच्या गणवेशातली एक लहान मुलगी. रविवार असून गणवेश का, असं विचारलं तर म्हणाली, "आजोबा म्हणाले शाळेतल्या बाईंकडचं कुणीतरी येणार आहे." उकडलेली रताळी होती. त्यांच्यावर मिठाची चिमूट होती. मुलगी शंभरेक मीटर माझ्याबरोबर पळाली. तिला कुणी काही म्हणालं नाही. उलट आजोबांनी मागून ओरडून सांगितलं, "हात हलव गो, हात!"

तिथून रस्ता उतरतो. पावसला पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि घड्याळ साडेचोवीस दाखवत होतं. पावस म्हणजे स्वामी स्वरूपानंदांचं गाव. १९०३ चा त्यांचा जन्म इथला आणि १९७४ साली देह ठेवला तोही इथेच. रविवारच्या गाड्या यायला लागल्या होत्या. मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबापोळी, कोकम, फणसाची साठं विकणारी दुकानं उघडत होती, आणि त्यातल्या एका दुकानदारानं दुरूनच हात केला. त्यालाही फोन गेलेला होता. त्यानं बाटली भरून दिली, वर दोन केळी दिली आणि पैसे विचारल्यावर असा चेहरा केला की मी पुन्हा विचारलं नाही.

मी परत फिरले. आणि आता हे सगळं उलट्या क्रमानं येणार होतं.

मॅरेथॉन बत्तिसाव्या किलोमीटरनंतर सुरू होते असं पळणारे म्हणतात. त्यामागे साधं कारण आहे. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो साधारण तेवढ्यात संपत येतो आणि मग शरीर चरबी जाळायला घेतं. ते काम हळू चालतं. डोकं जड होतं, पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात, आणि साध्या बेरजा जमत नाहीत. त्यात साडेनऊचं ऊन. सड्यावर सावली नावाची वस्तू नाही. कातळ खालून तापतो. कोळंब्याच्या अलीकडे मी चालायला लागले.

फाटकापाशी त्याच दोघी उभ्या होत्या. या वेळी हातात पेजेचं भांडं होतं. कोमट, पातळ, मिठाची. मी उभ्यानंच प्यायले. मग सासूबाई चपला घालून माझ्याबरोबर चालू लागल्या. मी म्हटलं, ऊन आहे, राहू द्या. त्या म्हणाल्या, "वळणापर्यंत येते." वळण पाव किलोमीटरवर होतं.

चालता चालता त्यांनी सांगितलं. त्या सातवीत होत्या. घरी लग्नाचं बोलणं चालू झालं होतं, मुलगा मुंबईत कामाला होता, वडिलांनी होकार दिला होता. बाई एका संध्याकाळी शेवटची एसटी सोडून त्यांच्या घरी येऊन बसल्या. भांडल्या नाहीत, कायदा काढला नाही. वडिलांना एवढंच म्हणाल्या की माझी रात्रीची राहायची सोय करा, मी उद्या सकाळीही हेच बोलणार आहे. लग्न दोन वर्षं पुढे गेलं. सातवी झाली, पुढे बाहेरून दहावी झाली. आज त्या अंगणवाडी सेविका आहेत. "त्या रात्री बाई आमच्याकडे झोपल्या. गोधडीवर. तुम्ही लहान असाल तेव्हा."

मला ती रात्र आठवते असं म्हणता येणार नाही. एसटी चुकल्यामुळे आई एकदा घरी आली नव्हती आणि बाबांनी आम्हांला भात पिठलं करून घातलं होतं, एवढं आठवतं. ती हीच रात्र असेल, नसेल. आईनं यातलं घरी कधी काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात "एसटी चुकली" याच्यापुढे गोष्ट गेली नाही.

वळण आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा आता पळत." त्या बघत होत्या, म्हणून पळाले.

*

झरी विनायकाचा उतार चढापेक्षा वाईट निघाला. बेचाळीसच्या शेवटी उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला हिशेब मागतात. पुढे सुरूच्या बनात पर्यटक आलेले होते. उंट होता, घोडागाडी होती. पूल संपला, राजिवडा गेला, आणि घड्याळानं ४२.१९५ दाखवलं ते मच्छीमार्केटच्या जवळ. घर अजून तीनेकशे मीटर होतं. मी तिथंच थांबले. पाच तास सत्तेचाळीस मिनिटं. मुंबईपेक्षा जवळजवळ एक तास जास्त. त्यातला बराचसा तांब्या, शहाळं, रताळी आणि पेज यांच्यापाशी गेलेला. पदक वगैरे नव्हतं. टोपलीपुढे बसलेल्या एका बाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काय गो, घरी सगळी बरी आहेत ना?" मी म्हटलं, बरी आहेत. मग तिनं मला बसायला लाकडी पेटी पुढे सरकवली. मला बसू देऊ नका, हा निरोप तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

शिमग्यात आमच्या भैरीबुवाची पालखी निघते. बारा वाड्यांचं ग्रामदैवत. पालखी ठरलेल्या वाटेनं फिरते, ठरलेल्या जागी टेकते, ठरलेल्या घरांतून तिला ओवाळतात, आणि खांदेकरी बदलत बदलत ती रात्रंदिवस चालत राहते. लहानपणी मला वाटायचं, देव लोकांना भेटायला निघतो. त्या पेटीवर बसल्यावर वाटलं, कदाचित गाव वर्षातून एकदा आपली वाट तपासून घेत असेल. कोण कुठे आहे, कुठलं दार उघडतं, कुठलं बंद झालं. पावस रस्त्यावर माझ्याकडून तेच काम झालं होतं. फरक इतकाच की दारं माझी नव्हती.

*

दुपारी बोलायला बसलो. पाय उशीवर टाकून मी पडले होते आणि दादा आरामखुर्चीत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकणारा आहे. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हे सगळं खरं. पण रात्री दोन वाजता ती पडली तर कोळंब्याहून कोण येणार आहे?"

याला उत्तर नाही. अठरा किलोमीटरवरची माया न्हाणीघरातून उचलायला उपयोगी पडत नाही. मी एवढंच म्हटलं की पुण्यात रात्री दोनला आपण असू. सकाळी दहा ते रात्री आठ मात्र कुणी नसेल. बागेतल्या बायका चांगल्या आहेत, पण आईला त्या एक आजारी म्हातारी म्हणून ओळखतील. इथं तिला फणसोपपासून पावसपर्यंत वेळेला उभे राहणारे लोक आहेत. माणूस पडू नये म्हणून त्याला उचलून न्यायचं, तर सोबत काय काय न्यावं लागेल त्याची यादी आपण केलेली नाही. दादा म्हणाला, यादी कर. तो रागानं म्हणाला नाही. त्याला खरंच यादी हवी होती.

ती यादी आईकडे आधीच होती. फोनच्या टेबलावर तिची एक जुनी डायरी असते. मी ती आजवर कधी नीट उघडलेली नव्हती. त्यात नंबर आडनावांच्या क्रमानं नाहीत. एसटीच्या थांब्यांच्या क्रमानं आहेत. भाट्ये, मग फणसोप, मग कोळंबे, मग गोळप, मग पावस. प्रत्येक गावाखाली नावं, नावांपुढे वर्ष, काहींवर बारीक रेघ मारलेली. ज्यांच्यावर रेघ, ते वारले. दादानं डायरी बराच वेळ चाळली आणि परत जागेवर ठेवली.

ठरलं ते असं. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे, खाली खरखरीत फरशी घालायची. रात्री झोपायला एक बाई ठेवायची; ती कोण, ते आई ठरवणार. मे अखेरीला पुन्हा बसायचं. सातव्या मजल्यावरची खोली आहे तशी राहणार. दादाचं समाधान झालं असं नाही आणि माझंही झालं असं नाही. तो प्रश्न कोकणातल्या शेकडो घरांत ओट्यावर बसलेला आहे आणि त्याचं एकच उत्तर कुणाकडे असेल असं वाटत नाही.

आई हे सगळं होईपर्यंत मेथी निवडत होती. एका हातानं निवडायला वेळ लागतो, पण मदत घेत नाही. बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "फणसोपचा वेळेवर होता का?" म्हटलं, पंधरा मिनिटं आधीच आला होता. "हूं," म्हणाली. "शाळेत रोज उशीर करायचा."

संध्याकाळी मी सहज बोलून गेले की पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं जाईन. शिरगाव, साखरतर, बसणी, मग आरे-वारे. समुद्राच्या कडेनं रस्ता आहे, फार सुंदर आहे, गणपतीपुळ्याच्या दिशेला.

"तिकडे नको," आई म्हणाली. "तिकडे माझं कुणी नाही."

मग मेथीच्या काड्या गोळा करता करता थांबली.

"थांब. गोळपची एक बसणीला दिलेली आहे. नंबर काढते."